धाकटीच्या नावाची नोटीस

हेवा करायला सवड लागते, आणि छपन्नाव्या वर्षी माझ्याकडे ती पोत्याने होती. सुना हाताखाली आलेल्या, गुडघे शाबूत, नजर घारीची. तेव्हाची ती बाई आज समोर आली तर तिला ओसरीवर बसवून आधी दोन कानाखाली देईन, मग चहा देईन, आणि मग म्हणेन, आता सांग बाई सगळं पहिल्यापासून. कारण तिने केलंच तसं.

आम्ही पिंपळगाव रेणुकाईचे. मी थोरली जाऊ, ती धाकटी. दोन घरांच्या मधे एकच भिंत. धाकटा दीर गेला तेव्हा ती चाळिशीची होती. भावकीने धरूनच ठेवलं होतं की आता ही थोरलीच्या हाताखाली राहील. मीही मनातल्या मनात कामं वाटून टाकली होती. शेणकूर तिच्याकडे, भांडी तिच्याकडे, पाहुण्यांच्या भाकरी तिच्याकडे. माझ्याकडे नुसती देखरेख. वर्षश्राद्ध झालं आणि बाईने बँकेचं कर्ज काढून घराच्या पुढच्या खोलीत मिरची कांडप टाकलं. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. टेम्पोतून मशीन उतरलं तेव्हाच कळलं, आणि तेही गल्लीतल्या सगळ्यांबरोबर.

आमच्याकडे मिरचीला काय तोटा. पहिल्या दिवशी मोटर सुरू झाली, खकाणा उडाला आणि अख्खी गल्ली शिंकली. लोक शिंकत होते आणि हसत होते. मी शिंकत होते आणि जळत होते.

कशाकशावर जळायचं याची माझ्याकडे यादीच होती. तिचं स्टूल, उंच, लोखंडी, तिच्याशिवाय कुणी बसायचं नाही असं. तिची कंबरेची चंची. बाया रांगेत बसून तिला "बाई, आमचं जल्दी करा" म्हणायच्या आणि ती मान वर न करता "नंबरानं होईल" म्हणायची. चाळीस वर्षांत मला कुणी रांगेत बसून काही मागितलं नव्हतं. मागितलंच तर ताटावर बसून मागितलं. मी माझी मिरची मुद्दाम दुसऱ्या गावी कांडायला नेत असे. भिंतीपलीकडे कांडप, आणि मी पंधरा किलोचं पोतं घेऊन जीपची वाट बघत फाट्यावर उभी. जीपवाल्याने एकदा विचारलं की तुमच्या घरीच तर मशीन आहे. मी म्हणाले, तिथलं तिखट जाड निघतं. तिचं तिखट मैद्यासारखं निघायचं, हे त्याच्या बायकोलाही माहीत होतं.

मग एका श्रावणात धाकटी माळवदाच्या जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं, फोन फुटला. लेक येऊन तिला जालन्याला घेऊन गेली, तिथे दवाखाना झाला, रॉड बसला. कांडपाला कुलूप. मी तोंडाने अरेरे म्हणाले आणि त्या रात्री फार दिवसांनी शिंक न येता झोपले. पाच महिने मशीन बंद म्हटल्यावर हप्ते कशातून जाणार, हा हिसाब मी लावला होता, आणि त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहिण्याइतकी वाटत नाही.

माझ्या माहेरी, मी परकरात असताना, शेजारच्या घरावर जप्ती आली होती. काय ती शोभा. हंडे, परात, पितळी समई, पाटा-वरवंटा, सगळं अंगणात मांडलं होतं. घरातली बाई दारामागे, आणि आम्ही पोरीबाळी कुडावर चढून तिच्या घरात भांडी किती ते मोजतोय. कर्ज थकलं की असंच होतं, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलेलं. म्हणून संक्रांतीच्या आधी बँकेचा माणूस पहिल्यांदा गल्लीत आला तेव्हा मी पदर खोचून दारात उभी राहिले. आता हा ओरडेल, चार माणसं जमतील, आकडा चव्हाट्यावर येईल.

त्या माणसाने कुलूप पाहिलं. समोरच्या खालांना, शिंप्याच्या घरच्या, हळूच काही विचारलं आणि निघून गेला. मी लगेच खालांकडे.

काय म्हणाला?

खाला बटणं लावता लावता म्हणाल्या, "पूछ रहे थे, कब आएंगी. मैंने पूछा, काम क्या है? बोले, वो उन्हीं को बताऊंगा, आपको नहीं बता सकता."

गळ्यात ओळखपत्र होतं म्हणे, हातात बँकेचं पत्र होतं, आणि बोलणं असं की दवाखान्यातला डॉक्टर. खालांना त्याचं कौतुक वाटलं. मला त्याचा राग आला. वसुलीला आलेला माणूस ओरडत नाही, शेजाऱ्याला सांगत नाही, तर मग शेजाऱ्याने करायचं काय? पुढे मला कळलं की असा नियमच आहे. सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही. शिवी नाही, धमकी नाही. घरात मयत झालेलं असेल तर जायचं नाही. आणि कर्जाची गोष्ट शेजारीपाजारी, सोयरेधायरे, कुणाच्या कानावर घालायची नाही. ज्याने कुणी तो शेवटचा नियम केला, त्याच्या शेजारी माझ्यासारखी एक जाऊ राहत असणार.

संक्रांत झाली. चार दिवसांनी, सकाळचे दहा, माणूस पुन्हा आला. या वेळी खाला घरी नव्हत्या. त्याने कुलूप पाहिलं, आणि वळून माझ्याच दारात आला. बंद असलं तरी कांडपाच्या फटीतून जुना खकाणा येतोच, बिचारा दोनदा शिंकला, रुमालाने नाक पुसलं आणि म्हणाला, "मिरची कांडपवाल्या बाई आपणच का?"

मी विचार केला असं सांगेन तर ते खोटं. विचार नंतर आला. आधी तोंड म्हणालं, "मीच की. या, बसा."

त्याने नाव विचारलं, मी धाकटीचं सांगितलं. आडनाव एकच, भिंत एकच. आधार कार्ड मागितलं, तर म्हणाले लेकीनं नेलंय कामाला. त्याने कागदावर बघून खात्री करायला म्हणून विचारलं, "मालक…?"

आता कागदावर धाकटी विधवा. आणि मी कोण? कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात संक्रांतीच्या नव्या कोऱ्या हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. आतल्या खोलीत आमचे हे पलंगावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते, तो आवाज मला स्पष्ट येत होता. मी पदर कपाळावर ओढला, हात पदराखाली घेतले, आणि म्हणाले, "ते गेले. तीन वर्षं झाली."

अडकित्ता थांबला.

त्या माणसाने मान खाली घातली, वाईट वाटलं म्हणाला. मग काय, मीच कर्जदार म्हटल्यावर त्याने सगळं सांगितलं. किती हप्ते थकले, किती बाकी आहे, मशीन तारण आहे; ही नोटीस, आजपासून साठ दिवसांत थकबाकी भरा किंवा काही म्हणणं असेल तर लेखी द्या, बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागेल; काहीच केलं नाही तर मशीन ताब्यात घेतलं जाईल. इतक्या अदबीने कुणी माझ्याशी आकड्यांचं बोललं नव्हतं. "मॅडम, तुम्हाला बोलायला कुठं सोयीचं पडेल, घरी की बँकेत?" असंही त्याने विचारलं. मी जरा ऐटीतच म्हणाले, बँकेत. त्याने पेन दिलं. मी पोचपावतीवर आणि नोटिशीला जोडलेल्या तिच्या नकलेवर धाकटीचं नाव लिहिलं. शाळा माझी चौथीपर्यंत. अक्षरं एकमेकांना धरून चालल्यासारखी उतरली.

तो गेला. आमचे हे बाहेर आले, दारात उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मंग? माझा दहावा कधी धरला?"

मी कपाळावरचा पदर मागे सारला. ते म्हणाले, "तीन वर्षं झाली म्हन्ते. मी रोज जेवून राह्यलो ते कुणाच्या घरी?"

"तुमाला काय कळतंय त्यातलं."

"मेलेल्या माणसाला काय कळनार," असं म्हणून ते पुन्हा सुपारी कातरायला बसले.

नोटीस मी ज्वारीच्या कोठीत, खाली, दाण्यांच्या आत खुपसली. आता धाकटीला कळवायचं नाही, एवढंच ठरवलं. माझ्या मनात काय होतं ते नीट सांगते. मशीन नुसतं जायला हवं होतं असं नाही. मला ते जाताना बघायचं होतं. साठ दिवसांनी टेम्पो येईल, मशीन उतरलं तसं चढेल, गल्ली बघेल, आणि त्या लोखंडी स्टुलावर कुणी नसेल. तेव्हा मी जाऊन तिचा हात धरीन, घरी आणीन, भाकरी देईन. माझ्या हाताखाली. किती प्रेमाने मी हे ठरवलं होतं, काय सांगू.

माघ सरत आला तेव्हा धाकटी परतली, काठी टेकत. आल्या आल्या कुलूप काढलं, मोटर झाडली. लाल मिरचीचा हंगाम तोंडावर. या तीन-चार महिन्यांवर तिचं वर्ष निघायचं. थकलेले हप्तेही तिने मनात यातूनच धरलेले होते. नवा नंबर द्यायला म्हणून ती भोकरदनला बँकेत गेली आणि संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसली. चेहरा असा की कुणी तिचं नाव पुसून टाकलंय.

तिने सांगितलं की नोटीस तिला दिलेली आहे म्हणतात. सही आहे म्हणतात. अर्ज करायची मुदत निम्मी संपली. साहेब रजेवर, कारकुनाने एवढंच बघून सांगितलं.

"माझी सही म्हन्ले, अक्का. मी तर जालन्यात, पाय टांगलेला. हिकडं कुणी आल्तं का?"

मी म्हणाले, "न्हाई बा. मला तर कुणी दिसलं न्हाई."

आतून खोकल्याचा आवाज आला. धाकटीने आत पाहिलं. ह्यांनी काही म्हटलं नाही. मेलेलेच होते.

ती काही दिवस बँकेच्या नावाने बोटं मोडत राहिली, मग थकली. एवढी रक्कम एकदम भरायला तिच्याकडे नव्हती. जप्तीच्या आधी आपणच मशीन विकून टाकावं, निदान चारचौघांत बँकेचा टेम्पो यायचा नाही, असं तिने ठरवलं. तारण असलेलं मशीन बँकेला न विचारता विकता येत नाही हे तिला ठाऊक नव्हतं; मलाही नव्हतं. मी आपली दिवस मोजत होते. विकलं तरी मला चालणार होतं.

गिऱ्हाईक आलं. शेजारच्या गावची बाई, तिशीची, सोबत नवरा, दोघांच्या हातात दोन फोन. बाईने मशीनच्या कडेने एक फेरी मारली, आंधळी जातं चाचपते तसा हात आत घालून बघितला, आणि धाकटीच्या स्टुलावर जाऊन बसली. विचारलंही नाही. मी बघ्या म्हणून दारात उभी होतेच. तिने माझ्याकडे पाहिलं.

"ह्या कोन? थोरल्या जाऊ का?" धाकटीने मान हलवली. "मंग आजी, याल का माझ्याकडं देठं खुडायला? हंगामापुरतं. रोज बराबर देईन."

त्या क्षणी माझ्या आत जे पेटलं ते आजवर धाकटीवर कधी पेटलं नव्हतं. ही कोण? आमच्या दिराच्या खोलीतलं मशीन, आमच्या गल्लीचा खकाणा, आणि त्या स्टुलावर ही? मी दोन वर्षं ज्या स्टुलावर जळले, ते हिने पाच मिनिटांत घ्यायचं? जळायचंच असेल तर मी माझ्या जावेवर जळेन. परक्या बाईवर जळायला मी रिकामी नाही.

मी घरात गेले, कोठीत कोपरापर्यंत हात घातला, दाण्यांतून नोटीस काढली आणि येऊन धाकटीच्या मांडीवर टाकली. म्हणाले, विकू नको. हे वाच.

तिने ज्वारीचे दोन दाणे झटकले आणि वाचलं. पहिलं पान, दुसरं पान, मग शेवटी जोडलेली माझ्या सहीची नक्कल. ती बाई आणि तिचा नवरा जरा वेळ थांबले आणि काही हालचाल दिसेना म्हणून उठून गेले. धाकटी अजून त्या सहीकडेच बघत होती. मी वाट बघत होते की आता ओरडेल. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते; त्यात माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

"जालन्याला लेकीच्या फोनवर मला रोज पाय कसा हाय इचारत होत्या तुमी," ती म्हणाली. "रोज."

मी खाली पडलेले ते दोन दाणे वेचले.

मग तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, या वेळी बोट ठेवून. धाकटी सातवीपर्यंत शिकलेली. वाचता वाचता बोट थांबलं. "माझ्या हातात आलीच न्हाई ही," ती हळूच म्हणाली, माझ्याशी नव्हे. "माझ्या हातात आली न्हाई म्हंजे माझे दिस सुरूच न्हाई झाले." मग माझ्याकडे बघितलं. "उद्या बँकेत चला. जे केलं ते तितं तोंडानं सांगायचं. भाऊजींनाबी घ्या संगं."

नोटिशीत तिच्या नावापुढे ‘विधवा’ लिहिलेलं होतं; भाऊजींना का, हे मला कळलं होतं.

जीपमध्ये आम्ही तिघं. धाकटी पुढे, मी मागे, माझ्या शेजारी माझे स्वर्गवासी. बँकेत साहेब म्हणजे एक तरुण बाई निघाल्या, चष्मा, केस आखूड. तो अदबीचा माणूसही तिथेच फायली घेऊन होता. मी सांगायला सुरुवात केली तसा तो माझ्याकडे बघायला लागला, आधी तोंडाकडे, मग कपाळाकडे, मग बांगड्यांकडे. साहेबबाईंनी त्याला विचारलं की ओळख का पटवली नाही. त्याचे कान लाल झाले. म्हणाला, बाईंनी स्वतः सांगितलं की मालक वारले.

"आतून सुपारी कातरल्याचा आवाज येत होता," तो म्हणाला. "मला वाटलं, सासरे असतील."

आमच्या ह्यांनी आयुष्यात खूप सोसलं आहे, पण सासरे म्हटलेलं त्यांना लागलं. त्यांनी त्या माणसाला आपलं वय सांगितलं.

साहेबबाईंनी मला विचारलं, सही का केली. मी म्हणाले, हिचं कर्ज किती आहे ते मला कळून घ्यायचं होतं.

"म्हणूनच आजी, ते आम्ही कुणाला सांगत नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी धाकटीला सांगितलं की ही नोटीस तुम्हाला मिळालीच नाही असं धरावं लागेल, नवी निघेल, तुमच्या हातात देऊ, तिथून दिवस मोजायचे. मला म्हणाल्या, दुसऱ्याच्या नावाने सही करणं हा गुन्हा आहे, साधी गोष्ट नाही. तुमचा जबाब लिहून द्या. आणि धाकटीकडे वळून विचारलं, तुम्हाला यांच्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे का?

धाकटीने उत्तर द्यायला वेळ लावला. फार वेळ लावला. पंखा फिरत होता, आमच्या ह्यांनी खिशातला अडकित्ता काढून परत ठेवला, कुणीतरी चहा आणून ठेवला आणि त्यावर साय धरली. मला अजून वाटतं की तो वेळ तिने मोजून घेतला.

"न्हाई," ती शेवटी म्हणाली. "मला हंगामाला देठं खुडायला मानूस लागतं."

नवी नोटीस तिच्या हातात पडली. तिने दवाखान्याचे कागद जोडून अर्ज दिला: पाय मोडला होता, मशीन बंद होतं, हंगामावर भरते. पंधरा दिवसांच्या आत उत्तर आलं. थकबाकी तीन टप्प्यांत, हप्ते लहान, मुदत वाढवली. ती ते पत्र वाचून दाखवायला माझ्याकडे आली नाही, खालांकडे गेली. खालांनी मला सांगितलं, कौतुकाने, आणि मी शिंप्याच्या उंबऱ्यावर उभी राहून पुन्हा जळले.

फाल्गुनापासून मी देठं खुडायला बसले. बिनरोजाने. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. वेळ धाकटीनेच ठरवली होती, हसली मात्र नाही. समोर लाल मिरचीचा ढीग, बोटांची आग, डोळ्यांत पाणी. रांगेतल्या बाया विचारायच्या, थोरल्या बाई, तुम्ही कशा काय हिथं? धाकटी मान वर न करता सांगायची, अक्काला आवड हाय. काय केलं होतं ते तिने कुणालाही सांगितलं नाही. त्या हंगामात नाही, नंतरही नाही. मी तिच्या जागी असते तर गावात दवंडी दिली असती. तिच्या या गप्प बसण्याचाही मला हेवा वाटायचा, आणि खुडलेली देठं मी जरा जास्तच जोरात टोपलीत टाकायचे.

पहिला टप्पा भरायच्या आदल्या दिवशी तुफान गर्दी होती. मोटर तापलेली, खकाणा छतापर्यंत. धाकटी स्टुलावर, चंची फुगलेली, आणि माझ्या नाकात इतका वेळ दाबून धरलेली शिंक आली. एक, दोन, तीन. ढिगातली मिरची उडाली. तिने मोटर बंद न करता माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, शिंकायचं आसंल तर भाईर जाऊन शिंका. गिऱ्हाईक हाय."

मी बाहेर गेले, भिंतीला धरून मनसोक्त शिंकले, आणि परत आत येऊन माझ्या ढिगापाशी बसले.